कमानीच्या पाट्यावर चालणारा पत्रा घडवायचा पॉवर हॅमर, घरच्या घरी

हातानं पत्रा ठोकायची मजा पहिल्या तासाभरापुरतीच असते, मग कोपर बोलायला लागतं आणि दोन दिवसांनी खांदा. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं पत्रा खोलगट करायचा, मग डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागं धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, धरून एकेक टेंगूळ बसवत राहायचं, हे मी बरीच वर्षं केलं आणि छोट्या कामाला अजूनही तेच करतो. पण मोटरसायकलची टाकी, मडगार्ड किंवा गाडीच्या बॉडीचा दोन फुटी तुकडा करायचा म्हटला की हजारो ठोके लागतात आणि त्यातले निम्मे भलतीकडेच पडतात. पॉवर हॅमर तेच ठोके मिनिटाला चार-पाचशे मारतो, सगळे एकाच जागी आणि एकाच ताकदीचे, आपण फक्त पत्रा सरकवायचा. पेटिंगेल आणि योडर ही जुनी अमेरिकन मशीनं याच कामाची, गाड्यांच्या बॉड्या त्यांच्यावर ठोकून निघायच्या. आपण त्यांचं लहान भावंड बनवतोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण मी स्वतः तिथंच फसलो होतो. लोहाराचा पॉवर हॅमर वेगळा आणि पत्र्याचा वेगळा. लोहाराला तापलेलं जाड लोखंड दाबायचं असतं, त्याचा पडणारा भाग तीस-चाळीस किलोचाही असतो. आपल्याला १ मिमीचा थंड पत्रा थोडाथोडा ताणायचा किंवा आकसवायचा आहे, त्याला ४ किलोचा रॅम, म्हणजे पडणारा भाग, भरपूर झाला. हिशोब करून बघा. २६ मिमी स्ट्रोक (रॅम वरखाली जातो ते अंतर), मिनिटाला ६०० ठोके, तर क्रॅंक, म्हणजे फिरत्या शाफ्टवरची रॅमला वरखाली करणारी पिन, रॅमला साधारण ०.८ मीटर प्रति सेकंद वेग देतो, स्प्रिंगच्या झटक्यानं तो दुपटीच्या आसपास गेला असं धरू, म्हणजे एका ठोक्यात ५ ज्यूलच्या जवळपास. सेकंदाला १० ठोके म्हणजे ५० वॅट. एक एचपीची मोटर ७४६ वॅटची असते. म्हणजे ताकद हा प्रश्नच नाहीये. प्रश्न आहे खालची ऐरण किती जड, वरचा रॅम किती सरळ चालतो आणि डायला, म्हणजे पत्र्याला टेकणाऱ्या वरखालच्या तोंडांना, किती आरशासारखं पॉलिश आहे याचा. मेहनत आणि पैसा या तीन ठिकाणी घाला, बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरी चालतं.

स्प्रिंग कशाला लागते

क्रॅंकला रॅम थेट जोडला तर ते पंच प्रेस होतं, हॅमर नाही. क्रॅंक आपल्या ठरलेल्या खालच्या टोकापर्यंत जाणारच, मध्ये पत्रा दोनपदरी आला की एकतर मशीन अडकेल नाहीतर काहीतरी तुटेल. म्हणून मध्ये कमान घालायची, म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनमधले असतात तसले पाटे. क्रॅंक कमानीचा मधला भाग वरखाली हलवतो, कमानीच्या दोन टोकांना दोन लिंक आणि त्या लिंकांना रॅम लटकलेला. क्रॅंक खाली येऊन परत वर वळतो पण रॅम आपल्या वेगात अजून खाली जात राहतो, पाटा वाकतो, ठोका बसतो, आणि पाटा त्याला परत वर खेचून घेतो. चाबकासारखं.

म्हणून हातानं पुली फिरवली तर दोन्ही डाय एकमेकांना टेकता कामा नयेत, मध्ये ५-६ मिमी फट राहायला हवी. वेग घेतल्यावर ती फट आपोआप भरते. नवशिका माणूस फट बघून म्हणतो की चुकलं, आणि कनेक्टिंग रॉड लांब करून डाय टेकवतो. मग मशीन चालू केल्याकेल्या असा काही आवाज येतो की शेजारी धावत येतात.

सांगाडा

आकार इंग्रजी सी अक्षरासारखा, खाली पाया, मागे खांब, वर आडवा हात. डायपासून मागच्या खांबापर्यंतची खोली, तिला गळा म्हणतात, मी ६०० मिमी ठेवली. म्हणजे १२०० मिमी रुंद पत्र्याच्या मध्यापर्यंत पोचता येतं. यापेक्षा जास्त हवीशी वाटते खरी, पण हात जितका लांब तितका तो डोलतो.

मागचा खांब आणि वरचा हात दोन्ही १५० बाय १५० चा ८ मिमी जाडीचा चौकोनी पाइप. वरच्या हातावर ठोक्याचा मार थेट येत नाही हे लक्षात घ्या, ठोका रॅम आणि ऐरण यांच्यात बसतो, वरच्या हातावर फक्त रॅमला वरखाली फेकायचा जोर येतो. त्यामुळं वरचा हात तुटायची भीती नसते, पण तो आजूबाजूला हलला तर वरची डाय खालच्या डायवरून सरकते आणि पत्र्यावर अर्धचंद्राच्या खुणा उमटतात. तेव्हा खांब आणि हाताच्या कोपऱ्यात आतून १२ मिमी प्लेटचा मोठा तिरका आधार लावा. आधारामुळं गळ्याची थोडी जागा जाते, जाऊ दे. पाया २५ मिमी प्लेटचा, साधारण ९०० बाय ५००, आणि तो जमिनीला चार एम १६ अँकर बोल्टनं धरायचा.

वेल्डिंग करताना आधी सगळं फक्त टॅक करायचं, म्हणजे ठिपक्याठिपक्यानं वेल्ड मारून धरायचं, ओळंबा आणि गुण्या लावून बघायचं, मग समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून थोडं थोडं भरायचं. एका बाजूनं सलग भरत गेलात तर थंड होताना तो हात त्या बाजूला ओढला जातो, ६०० मिमीच्या टोकाला ३-४ मिमी फरक पडायला वेळ लागत नाही. पाइप गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त घासून काढा, तो धूर वाईट असतो.

वेल्डिंग संपून पाइप पूर्ण गार झाल्यावर खांबात कोरडी वाळू भरा. रिकामा पाइप घंटेसारखा वाजतो, वाळू भरली की आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. वाळू खरंच कोरडी हवी, तव्यावर भाजून घेतलेली, कारण ओली वाळू आतून गंज धरते आणि पुढं कधी त्या पाइपवर वेल्ड मारायची वेळ आली तर आतल्या पाण्याची वाफ होते, बंद पाइपात वाफ म्हणजे काय ते सांगायला नको.

ऐरणीचा खांब

इथं अजिबात काटकसर नको. खालची डाय ज्यावर बसते तो भाग रॅमच्या किमान दहापट जड हवा, पंधरा-वीस पट असेल तर उत्तम. मी १२५ मिमी व्यासाचा भरीव गोल बार ८०० मिमी उंचीचा वापरला, त्याचं वजन ७७ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ४ किलोच्या रॅमला जवळपास १९ पट. त्याच्यावर ६० मिमी व्यासाची २०० मिमी लांब मान. मान बारीक ठेवायचं कारण असं की पत्र्याच्या कडा खाली वळल्या की त्यांना फिरायला जागा लागते, जाड खांबाला त्या आपटतात.

पोकळ पाइपात काँक्रीट भरून खांब करायचा विचार बऱ्याच जणांना सुचतो. करू नका. काँक्रीट आणि पाइप यांच्यात थोड्याच दिवसात फट पडते आणि ठोक्याची ताकद तिथंच मरते. भरीव बार मिळत नसेल तर जाड प्लेटांचे तुकडे एकावर एक रचून चारी बाजूंनी वेल्ड मारलेला ठोकळा चालेल, पण प्लेटा एकमेकींना नीट टेकल्या पाहिजेत.

खांबाच्या बुडाशी २५ मिमीचा फ्लॅंज, आणि त्यातली बोल्टांची भोकं लांबट करा, म्हणजे खांब ५ मिमी सरकवता येईल. हे लांबट भोकांचं मला दुसऱ्या वेळी सुचलं. पहिल्या वेळी खांब सरळ पायाला वेल्ड करून टाकला होता आणि रॅम अडीच मिमी डावीकडे निघाला. पूर्ण खांब कापून काढला तेव्हा ग्राइंडरची चार चाकं गेली.

डाय बसवायला मानेच्या डोक्यात २५ मिमीचं भोक, ५० मिमी खोल, आणि बाजूनं एक ग्रब स्क्रू. रॅमच्या तळालाही तसंच भोक. दोन्हीकडे एकच माप ठेवलं की सगळ्या डाय वरही बसतात आणि खालीही.

उंची सरळ उभं राहून कोपराच्या थोडी खाली येईल अशी घ्या. माझी डाय जमिनीपासून १०५० मिमीवर आहे. बसून काम करायचं असेल तर कमी करा, पण मोठा पत्रा बसून सांभाळता येत नाही हे मी सांगून ठेवतो.

रॅम आणि त्याचं गाईड

रॅम म्हणजे ५० बाय ५० चा ५ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, ३५० मिमी लांब, खालच्या टोकाला डायचं भोक असलेला भरीव ठोकळा आणि वर लिंकांची पिन. डायसकट ४ किलोच्या आसपास भरतो. पाइपची आतली शिवण बाहेर आली असेल तर ती कानशीनं साफ करा आणि बाहेरच्या चारही बाजू सरफेस ग्राइंडरवर मारून घ्या, हे काम बाहेरून करून घ्यावं लागलं तरी घ्या.

गाईड म्हणजे रॅमच्या चारी बाजूंनी पेटी. पेटीची उंची रॅमच्या रुंदीच्या किमान तिप्पट-चौपट हवी, मी २०० मिमी घेतली. आखूड गाईडमध्ये रॅम किंचित तिरका होऊन अडकत चालतो, ड्रॉवर एका बाजूनं ओढला की अडकतो ना, तसंच. आतून घासपट्ट्या यूएचएमडब्ल्यू नावाच्या गुळगुळीत, चिवट प्लास्टिकच्या १२ मिमी जाडीच्या, आणि दोन बाजूंच्या पट्ट्या मागून स्क्रूनं पुढं ढकलता येतील अशा, म्हणजे झीज झाली की चाल, म्हणजे सैलपणा, काढून टाकता येते. रॅम आणि पट्टी यांच्यात ०.१ ते ०.१५ मिमी चाल ठेवायची, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून बघायचं.

नायलॉन वापरू नका. मी वापरलं होतं, कारण एक तुकडा घरात पडला होता. एकदम घट्ट, झकास बसवलं, लोण्यासारखं चालायचं. मग हवा दमट झाली, आणि एका सकाळी पेडल दाबलं तर मोटर गुरगुरली, बेल्ट घसरून जळका वास आला पण रॅम जागचा हलेना. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं, ०.१ मिमीची चाल गिळायला त्याला काही वेळ लागत नाही. पितळी किंवा बिडाच्या पट्ट्याही छान चालतात पण त्यांना सतत तेल लागतं, आणि ते तेल पत्र्यावर गळतं.

आता जोडणीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी. गाईडची पेटी अगदी शेवटी, ऐरणीचा खांब उभा राहिल्यावर बसवायची. लेथवर २५ मिमीच्या दोन पिना करून घ्या, एका टोकाला पेन्सिलीसारख्या टोकदार. एक रॅममध्ये घाला, दुसरी ऐरणीच्या मानेत. रॅम हातानं खाली आणा, दोन्ही टोकं केसाच्या जाडीइतकी जवळ आली की टॉर्च मागून धरून बघा, पुढून आणि बाजूनं. टोकं जुळेपर्यंत खांब सरकवा, जुळली की फ्लॅंजचे बोल्ट कसा. मग रॅम ३० मिमी वर उचलून परत खाली आणा, अजूनही जुळतात का बघा. खाली जुळतात आणि वरती चुकतात म्हणजे गाईड तिरकं आहे, तेव्हा पेटीखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून ते सरळ करायचं. मला या एका कामाला अख्खी दुपार लागली आणि ती दुपार वसूल झाली.

कमान

छोट्या हलक्या ट्रेलरच्या कमानीचे ५० मिमी रुंद, ६ मिमी जाड तीन पाटे पुरतात. मुख्य पाट्याची लांबी टोकापासून टोकापर्यंत ४०० मिमी, त्याच्यावर बाकीचे दोन उतरत्या लांबीचे. कमानीची पाठ वर, टोकं खाली. मधोमध दोन प्लेटांमध्ये दाबून यू बोल्टनं कनेक्टिंग रॉडच्या तळाला पकडायची.

पाट्याला वेल्ड मारायचं नाही. कधीच नाही, टॅकसुद्धा नाही. स्प्रिंगच्या पोलादाचा कडकपणा वेल्डच्या उष्णतेनं बिघडतो आणि वेल्डच्या शेजारी ठिसूळ रेघ तयार होते. माझ्या पहिल्या पाट्याच्या टोकाला मी लिंकसाठी कान वेल्ड केले होते, कामाच्या तिसऱ्या दिवशी एक कान पाट्याच्या तुकड्यासकट उडून भिंतीवर आपटला. तेव्हा जाळी लावलेली नव्हती. त्या दिवसापासून जाळीशिवाय मी मशीन हातानंही फिरवत नाही.

म्हणून टोकांना पकड करायची: पाट्याच्या वर आणि खाली १० मिमीच्या छोट्या प्लेटा, पाट्याच्या दोन्ही कडांच्या बाहेरून जाणारे बोल्ट, आणि खालच्या प्लेटला लिंकची पिन. पकड घसरू नये म्हणून पाट्याच्या टोकाच्या दोन्ही कडांना ग्राइंडरनं हलकी गोल खाच मारा म्हणजे बोल्ट त्यात बसतात. पाटा कापताना पातळ कटिंग चाक, थांबत थांबत आणि पाणी मारत. पोलाद निळं पडलं म्हणजे ते जास्त तापलं, तेवढा भाग कापून टाकायचा.

दोन्ही लिंक साधारण १७५ मिमी लांब, १२ मिमी जाड पट्टीच्या, दोन्हींची लांबी अगदी सारखी, म्हणून दोन्ही एकत्र पकडून एकदमच ड्रिल करा. पिनांच्या जागी पितळी बुश. रॅम लटकवल्यावर लिंक कमानीच्या टोकांपासून रॅमकडे किंचित खाली उतरत यायला हव्यात, १५ अंशांच्या जवळपास. लिंक फारच उभ्या लोंबल्या तर कमान वाकतच नाही आणि चाबकाचा झटका मिळत नाही, अगदी आडव्या असल्या तर रॅम मध्येच तरंगल्यासारखा डुगडुगतो.

क्रॅंक आणि स्ट्रोक बदलायची युक्ती

वरच्या हाताच्या डोक्यावरून पुढून मागे जाणारा ४० मिमीचा शाफ्ट, दोन यूसीपी २०८ पेडेस्टल बेअरिंगांवर. पुढच्या टोकाला रॅमच्या बरोबर वर क्रॅंकची चकती, १६० मिमी व्यासाची २५ मिमी जाड, चावी घालून पक्की. मागच्या टोकाला मोठी पुली, जी फ्लायव्हीलचंही काम करते.

स्ट्रोक बदलता यायलाच हवा, कारण पत्रा आकसवायला लांब स्ट्रोक लागतो आणि मठारायला, म्हणजे हलक्या ठोक्यांनी गुळगुळीत करायला, आखूड. चकतीवर वेगवेगळ्या अंतरावर पिनेची भोकं पाडू म्हटलं तर ती केंद्राच्या इतकी जवळ येतात की एकमेकांत घुसतात. खाच आणि सरकता ठोकळा हा एक मार्ग आहे पण त्याला मिलिंग लागतं आणि तो सैल होतो. मी असं केलं: क्रॅंकची पिन एका चौकोनी प्लेटवर बसवली, प्लेट चार एम १२ बोल्टांनी चकतीला. बोल्टांच्या चौकोनाचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून ९ मिमी बाजूला, आणि पिन त्या चौकोनाच्या मध्यापासून आणखी ४ मिमी बाजूला, त्याच दिशेनं. प्लेट सरळ लावली तर पिन ९ अधिक ४ म्हणजे १३ मिमीवर, स्ट्रोक २६. प्लेट उलटी फिरवून लावली तर ९ वजा ४ म्हणजे ५ मिमीवर, स्ट्रोक १०. पाव वळसा फिरवली तर पावणेदहाच्या आसपास, स्ट्रोक जवळजवळ २०. तीन स्ट्रोक, एकच प्लेट, चार बोल्ट, पाच मिनिटांचं काम. ही युक्ती सुचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

पिन २५ मिमीची, तिच्यावर दोन ६२०५ बेअरिंग शेजारी शेजारी. कनेक्टिंग रॉडच्या मध्ये एका बाजूला उजवे आणि दुसऱ्या बाजूला डावे आटे असलेला टर्नबकल, चेकनटसकट, म्हणजे डायमधली फट स्पॅनरनं कमीजास्त करता येते.

वजनाचा तोल विसरू नका. रॅम, कमान आणि रॉड मिळून साधारण ८ किलो वरखाली होतात. त्याच्या निम्म्याचा तोल पिनेच्या उलट बाजूला साधायचा. मधल्या स्ट्रोकला ४ किलो गुणिले १० मिमी, म्हणजे केंद्रापासून ६० मिमीवर पाऊण किलोच्या थोडं आतलं वजन, प्लेटचा अर्धचंद्र कापून बोल्टनं लावा. हे लावलं नाही तरी मशीन चालतं, पण आपल्याबरोबर अख्खं वर्कशॉप चालवतं.

मोटर आणि पेडल

थ्री फेज, ४ पोल, एक किंवा दीड एचपीची मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. ५० हर्ट्झवर मोटर १४४० च्या आसपास फिरते, मोटरवर ७५ मिमीची पुली आणि शाफ्टवर २०० मिमीची, म्हणजे मिनिटाला ५४० ठोके. व्हीएफडीनं १५ ते ७० हर्ट्झ फिरवलं की १६० पासून ७५० पर्यंत मिळतात. पायातल्या पेडलला पोटेन्शिओमीटर जोडायचा. सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटर व्हीएफडीवर चालत नाही, ती असेल तर बेल्ट सैल ठेवून पेडलनं आयडलर पुली दाबायची जुनी पद्धत घ्या, तीही मस्त चालते, फक्त शाफ्टच्या पुलीवर चामड्याच्या पट्ट्याचा ब्रेक लावा.

व्हीएफडी बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं करंट राहतो, झाकण लगेच उघडू नका. मोटरचं कनेक्शन स्टार की डेल्टा ते नेमप्लेट वाचून ठरवा, कळत नसेल तर वायरमनला बोलवा, अर्थिंग सांगाड्याला सुद्धा. आणि लाल मशरूम बटण गुडघ्याजवळ लावा, कारण दोन्ही हातांत पत्रा असतो.

डाय

मशीनचा अर्धा जीव डायमध्ये आहे. ईएन २४ किंवा त्या जातीचं पोलाद, टर्न करून, हीट ट्रीटमेंट करून ५० रॉकवेल सीच्या वर कडक केलेलं. सुरुवातीला तीन जोड्या करा.

मठारायची जोडी: वरची डाय ५० मिमी व्यासाची, दिसायला सपाट पण मधे अगदी किंचित फुगीर. खालच्या तीन-चार, गोलाईची त्रिज्या १००, २००, ४०० मिमी अशी. ताणायची जोडी: तोंड लांबट, आडव्या दंडगोलासारखं, वरचं १२-१५ मिमी त्रिज्येचं. ही पत्र्याला एकाच दिशेनं ताणते. तिसरी आकसवायची, तिला थंबनेल डाय म्हणतात कारण वरचं तोंड अंगठ्याच्या पेरासारखं आणि खाली त्याला जुळणारी पन्हळ. ही बनवायला सगळ्यात अवघड, हातानं ग्राइंडर आणि कानस घेऊनच करावी लागते, माझी तिसरी कुठं कामाची निघाली.

कडा सगळ्या गोल, नखानं चाचपून कुठंही धार लागता कामा नये. पॉलिश १२० च्या पेपरपासून सुरू करून २४०, ४००, ८००, १२०० आणि मग बफ. प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडव्या दिशेनं मारा, आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही. मी घाईत ८० च्या रेघा असलेली डाय लावून एका मडगार्डवर चाललो, त्या रेघा पत्र्यावर जशाच्या तशा छापल्या गेल्या, आणि त्या कानशीनं काढण्यात तीन संध्याकाळी गेल्या. डायवरची प्रत्येक ओरखड पत्र्यावर शेकडो वेळा उमटते.

पहिल्यांदा चालवताना

जाळी लावा, कमानीभोवती, क्रॅंकभोवती आणि बेल्टवर. कानांना मफ आणि डोळ्यांना चष्मा, दोन्ही. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर कान कायमचे बिघडतात आणि हा हॅमर त्याच्या बऱ्याच वर ओरडतो.

मुख्य स्विच बंद करून हातानं पूर्ण दोन वळसे फिरवा. कुठं काही घासतंय का, लिंक जाळीला लागतेय का ते बघा. खालच्या टोकाला डायमधली फट ५-६ मिमी. मग डायमध्ये टाकाऊ पत्र्याचा तुकडा धरून सगळ्यात हळू वेगावर पेडल. सुरुवातीला रॅम नुसताच वरखाली तरंगेल, वेग वाढवला की एका ठिकाणी अचानक टप टप सुरू होईल. तो वेग व्हीएफडीवर बघून लिहून ठेवा, त्याच्या खाली मशीन ठोकत नाही. वेग वाढवताना एखाद्या आकड्यावर सांगाडा नाचायला लागतो, तिथं थांबू नका, पटकन वर किंवा खाली जा.

डाय नीट जुळतात का बघायला पत्र्यावर कार्बन पेपर आणि त्यावर साधा कागद ठेवून एक-दोन ठोके मारा. ठसा गोल आणि मधोमध गडद आला तर ठीक, एका बाजूला चंद्रकोर आली तर त्या बाजूला डाय तिरकी टेकतेय, मग रॅमचं गाईड परत बघा.

पहिल्या तासानंतर सगळे बोल्ट कसा आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लांबूनच कळतं.

पत्र्यावर

१ मिमी सीआरसी (थंड अवस्थेत लाटलेल्या पोलादी) पत्र्याचा ३०० बाय ३०० तुकडा घ्या, कडा कानशीनं मोडून. मार्करनं एक इंचावर समांतर रेघा. मठारायची जोडी, खालची २०० त्रिज्येची, मधला स्ट्रोक. पत्रा दोन्ही हातांनी धरायचा, घट्ट आवळायचा नाही, नाहीतर थोड्या वेळात बोटं बधिर होतात. एका रेघेवरून सरळ जा, पुढच्या फेरीत ठशाचा निम्मा भाग आधीच्या ठशावर येईल असं. पत्रा थांबला तर तिथं खोल खळगा पडतो, म्हणून आधी पत्रा सरकवायला सुरुवात आणि मग पेडल, उचलताना आधी पेडल सोडायचं.

चार-पाच फेऱ्यांत पत्रा मधून फुगायला लागतो. मायक्रोमीटरनं जाडी बघत चला. १ मिमीचा ०.८५ झाला म्हणजे तेवढ्या भागाचं क्षेत्रफळ सतरा-अठरा टक्के वाढलं, ०.८ च्या खाली मी जात नाही. आणि आवाज ऐका. नवा पत्रा ठप ठप बोलतो, कडक होत गेला की आवाज टण टण होतो आणि पत्रा हातात उडायला लागतो, मग कितीही ठोका तो हलत नाही, उलट कडेला चीर पडते. अॅल्युमिनिअम असेल, ३००३ जातीचं वगैरे, तर गॅसच्या धुरकट ज्योतीनं काजळी धरायची, मग स्वच्छ ज्योत लांबून फिरवत काजळी उडेपर्यंत तापवायचं आणि थांबायचं. अॅल्युमिनिअम लाल होत नाही, ६५० अंशांच्या आसपास सरळ खाली गळतं, त्यामुळं काजळी उडाल्यावर "अजून थोडं" म्हणायचं नाही.

आकसवायला थंबनेल जोडी, २६ चा स्ट्रोक, वेग कमी. पत्र्याची कड ४०-५० मिमी आत ढकला, तिथं पन्हळीसारखी लाट उठते. मग हळूहळू बाहेर ओढत जा म्हणजे लाट पसरण्याऐवजी जागच्या जागी दाबली जाते, कड आखूड आणि थोडी जाड होते. लाट आडवी होऊन दुमडली तर थांबा, दुमडलेल्यावर ठोकलं तर ती घडी कायमची बसते आणि पुढं तिथंच फाटते. अशा लाटा कडेवर सारख्या अंतरानं घालत गेलं की सपाट पत्रा वाटीसारखा वळायला लागतो, आणि मधला भाग ताणावाच लागत नाही, म्हणून पातळही होत नाही. टाकीचे कोपरे असेच निघतात. नंतर मठारायची जोडी लावून, १० चा स्ट्रोक, साडेसहाशेच्या वर वेग, आणि अगदी हलक्या ठोक्यानं सगळ्या खुणा पुसून घ्यायच्या.

दर आठवड्याला पेडेस्टलला ग्रीस आणि लिंकांच्या बुशला तेल, तेवढं केलं तरी चालतं. पाटे मात्र महिन्यातून एकदा खोलून केरोसिननं पुसा आणि खडू चोळून उजेडात धरा, चीर असेल तर काळी रेघ दिसते. माझा दुसरा पाटा असाच वेळेवर पकडला, पकडीच्या बोल्टच्या खाचेतून ७ मिमी चीर गेली होती, कारण ती खाच मी गोल न करता कोपरा ठेवून मारली होती.